प्रॉव्हिडन्सचं होमब्रू संमेलन, वेंगुर्ल्याचे बोंडू आणि वासांची नावं

कातळावरचा:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं. परवा कपाट आवरताना २०१९ची वही सापडली, म्हणून आता लिहितोच.

वेंगुर्ल्याजवळ आमची काजूची छोटी फॅक्टरी आहे. मार्च ते मे बिया येतात आणि बोंडू (काजूची रसाळ फळं) बागेतच पडून राहतात. ज्यांनी ते ढीग पाहिलेत त्यांना सांगायला नको. पहिल्या दिवशी नुसता गोड वास. मग एक झणझणीत, डोक्यात जाणारा वास येतो, नेलपॉलिशची बाटली उघडी राहिल्यासारखा. त्यानंतर ढिगाजवळ उभं राहिलं की व्हिनेगर. हा क्रम मी लहानपणापासून नाकाने ओळखतो. वडील तर लांबूनच सांगायचे, "हो ढीग तीन दिवसांचो." पण त्या मधल्या वासाला आमच्याकडे नाव नव्हतं. "बोंडवांचा वास" एवढंच.

नाव मिळालं ते अमेरिकेत, ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स गावी. तिथे २७ ते २९ जून २०१९ असे तीन दिवस घरी बीअर करणाऱ्यांचं संमेलन होतं, 'होमब्रू कॉन'. माझा धाकटा भाऊ बॉस्टनजवळ राहतो आणि गॅरेजमध्ये बीअर करतो. मला बीअरची आवड कॉलेजपासून, पण ती दुकानातली बाटली आणि मासे एवढीच. त्या उन्हाळ्यात मी महिनाभर त्याच्याकडे होतो. तो म्हणाला, "दादा, तू चल. तुझ्या नाकाला तिथे काम आहे."

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण तिच्याशिवाय त्या लोकांचा उत्साह कळत नाही. अमेरिकेत १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी होती. ती उठली तेव्हा घरी वाइन करायची मुभा मिळाली, बीअर मात्र राहून गेली. पुढची पंचेचाळीस वर्षं घरी बीअर करणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हाच होता. ऑक्टोबर १९७८मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सुधारणेवर सही केली आणि फेब्रुवारी १९७९पासून घरच्यापुरती बीअर करायला परवानगी मिळाली: एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, घरात दोघं असतील तर दुप्पट. विक्री नाही. राज्यांना वेगळा निर्णय घ्यायची मोकळीक होती, त्यामुळे मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्यं २०१३ साली सामील झाली. हे संमेलन भरवणारी अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशन १९७८चीच. ती सुरू करणारे चार्ली पपाझियन अणुअभियांत्रिकी शिकलेले आणि कोलोरॅडोतल्या बोल्डर गावात शिकवणारे गृहस्थ. लोकांनी लपूनछपून जपलेली गोष्ट एकदम उजेडात आली, तेव्हाची ती माणसं अजून संमेलनाला येतात. पांढऱ्या दाढीचे आजोबा गळ्यात पेला अडकवून फिरत असतात आणि कोणीही विचारलं की आपली कृती अख्खी सांगतात. किती माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), कुठले हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं), पाण्यात काय घातलं, कुठे चुकलं, सगळं.

सकाळी व्याख्यानं, दुपारी यंत्रसामग्रीचं प्रदर्शन, आणि एका संध्याकाळी क्लब नाइट. क्लब नाइट म्हणजे जत्रा समजा. देशभरातून आलेले क्लब आपापला मांडव सजवतात, वेश करतात आणि घरून आणलेली बीअर वाटतात. पैसे कोणी घेत नाही. पेल्यात दोन घोट ओततात, चव घ्यायची, बोलायचं, पेला विसळायचा, पुढे जायचं. जागोजागी पाण्याचे जग आणि ओतून द्यायला बादल्या. आवडली नाही तर निमूट ओतून द्यावी, वाईट कोणी मानत नाही. चार तास मी तिथे होतो. हजारो माणसं आणि एवढी बीअर, पण मला कोणी झिंगून पडलेला दिसला नाही.

भावाच्या क्लबने आणलेल्या पिंपांमध्ये एक आमचं होतं. जर्मनीत गोझं नावाचा बीअरचा प्रकार आहे, गॉसलार आणि लाइपझिग भागातला. गव्हाचा, आंबट, आणि त्यात मीठ आणि धणे घालतात. भावाने हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अरे, आंबट, खारट आणि धणे म्हणजे आपल्या आमसुलाला आयतीच जागा. तिथल्या भारतीय दुकानात आमसुलं मिळाली. आंबवण संपत आल्यावर आठ दिवस बीअरमध्ये टाकून ठेवली. रंग असा सुरेख आला की मांडवासमोर लोक रंग बघून थांबायचे.

रांगेत एक वयस्क बाई होत्या, बीअर परीक्षक. त्यांनी पेला फिरवला, हुंगला, घोट घेतला, परत हुंगला. मग म्हणाल्या, आंबटपणा छान, फळ कुठलं ते ओळखता येत नाही पण आवडलं. मागे मात्र जखमेवरच्या पट्टीचा वास आहे. तुमचं पाणी नळाचं आहे ना? नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि यीस्टने किंवा धान्याने सोडलेले फिनॉल एकत्र आले की क्लोरोफिनॉल तयार होतं, त्याचा हा वास. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची एक छोटी गोळी साधारण ७५ लिटर पाण्याला घाला, पुढच्या वेळी येणार नाही.

मी परत हुंगलं. आणि तो वास होता. महिनाभर आम्ही दोघं त्या पिंपाभोवती वावरलो होतो, मला काहीतरी खटकत होतं, पण खटकतंय ते काय हे सांगता येत नव्हतं. त्या बाईंनी दोष सांगितला, कारण सांगितलं, उपाय सांगितला आणि पेला रिकामा करून धन्यवाद म्हणाल्या. आवाजात तुच्छता नाही आणि उगाच गोडवाही नाही. माझ्या आयुष्यात माझ्या कामाबद्दल इतकं स्वच्छ मला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दोष ओळखायच्या वर्गात बसलो. एकच साधी लागर (थंडीत आंबवलेली बीअर) सहा पेल्यांत, प्रत्येकात एका द्रव्याचे थेंब. पहिला पेला डायअ‍ॅसिटिल, लोण्याचा वास. दुसरा अ‍ॅसिटाल्डिहाइड, हिरव्या सफरचंदाचा. तिसरा डीएमएस, उकडलेल्या मक्याचा. चौथा जुन्या, हवा लागलेल्या बीअरचा, ओल्या पुठ्ठ्याचा. पाचवा उन्हात ठेवलेल्या बाटलीचा. तिथे त्याला स्कंक नावाच्या प्राण्याचा वास म्हणतात. आणि सहावा पेला नाकाजवळ नेला आणि मी खुर्चीत सरळ बसलो. वेंगुर्ला! आमच्या बागेतला दोन-तीन दिवसांचा ढीग! शिकवणाऱ्याने फळ्यावर लिहिलं: इथाइल अ‍ॅसिटेट. अल्कोहोल आणि अ‍ॅसिटिक आम्ल यांच्यातून होणारं. म्हणजे गोडाचं अल्कोहोल होतंय आणि अल्कोहोलचं व्हिनेगर होतंय, त्या मधल्या वेळचा वास. वडिलांना क्रम पाठ होता, कारण माहीत नव्हतं.

आता मुद्दा. त्या वर्गात सगळ्या उपमा परक्या होत्या. स्कंक मी पाहिलेला नाही. पण डीएमएस? समुद्राच्या वासात हेच द्रव्य असतं, समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींपासून येतं. आपल्याला मका कशाला हवा, भरतीच्या वेळी खाडीकाठी उभं राहिलं की झालं. ओला पुठ्ठा म्हणजे जुलै महिन्यात कपाटातून काढलेली वही. स्कंकचा तो वास मला गॅस गळल्यासारखा वाटला, आणि ते खरंच जवळचं निघालं: सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम देतात तो वासही गंधकाच्या त्याच कुळातल्या द्रव्याचा.

आपल्या किनाऱ्यावर आंबवणं काय थोडं आहे? माडी, ताक, आंबोळ्या, माडीचं व्हिनेगर, पलीकडे गोव्यात हुर्राक आणि फेणी. नाकं आपली तयार आहेत. पण बसून, चव घेऊन, हा वास अमुक आणि तो तमुक कारणाने आला, असं आपण एकमेकांना मोकळेपणी सांगत नाही. माडी बिघडली तर "आज बरी नाही" म्हणतो आणि उठतो. कोणत्या वासाला तुमच्या घरी, गावी काय म्हणतात ते कृपया लिहा. मला ती यादी मराठीत हवी आहे.

---

मिठागर:

फार छान लिहिलंय. वाचनखूण साठवली. परीक्षक गुण कसे देतात? आवडलं-नावडलं एवढंच की काही पद्धत आहे?

---

कातळावरचा:

पद्धत आहे. १९८५ पासून बीजेसीपी नावाची परीक्षक तयार करणारी संस्था आहे, त्यांचा तक्ता वापरतात. एकूण ५० गुण. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते (जड, हलकी, तुरट, फसफसती) याला ५ आणि एकूण अनुभवाला १०. दिसण्याला फक्त ३, हे मला फार योग्य वाटलं. आमच्या गोझंला रंगाचे तीन मिळाले असते आणि वासाने खाली ओढलं असतं.

स्पर्धेच्या अंतिम फेरीला मी एक सकाळ मदतनीस म्हणून होतो. बाटल्या आणून द्यायच्या, पेले उचलायचे, कागद गोळा करायचे. परीक्षकांना बाटली कोणाची ते कळत नाही, फक्त क्रमांक. दोघं शेजारी बसून आधी न बोलता लिहितात, मग बोलतात. पान भरून लिहावं लागतं, नुसता आकडा चालत नाही. ते पान बीअर करणाऱ्याला परत जातं. भाऊ म्हणतो की बक्षिसापेक्षा लोक त्या पानासाठी बाटल्या पाठवतात.

---

माडाखाली:

माझो आजो माडार चडी. आमच्या वाडीत चार घरां भंडाऱ्यांची, सगळ्यांचो ह्योच धंदो. मी चडाक शिकलंय नाय, मुंबयत नोकरी करतंय, पण वास माका अजून आठवता.

तुमी म्हणतास ता खरां आसा. आजो सकाळी गाडगां उतरवन आणी तेव्हा ती गोड. गाडग्याक आतसून चुनो लावल्यार ती आंबणा नाय, ती नीरा. चुनो नसलो तर उतरवतानाच फसफसाक लागता. दुपारची वेगळी, सांजची वेगळी, आणि दुसऱ्या दिसाची व्हिनेगराक. आजो नुसतो वास घेवन सांगी, ह्या माडाची आज पोय (फुलोऱ्याचो कोंब) बदलूक होयी. पोय म्हातारी झाली काय वास बदलता म्हणी. ह्या कोणी लिवन ठेवलां नाय. आजो गेलो, तेच्यावांगडा गेलां. आजी आसा, तिका इचारतंय.

---

कलम_आणि_कागद:

धागा उत्तम आहे, त्यात खोडा घालायचा नाही. तरी वाचून कोणी हुरळून घरी सुरुवात करू नये म्हणून लिहितो. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी अधिनियम लागू आहे (आधी 'मुंबई', आता 'महाराष्ट्र' दारूबंदी अधिनियम). त्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. घरच्यापुरती केली, विकली नाही, हा बचाव होत नाही. अमेरिकेसारखी घरगुती बीअरची सवलत आपल्या कायद्यात नाही. माडाला छेद देऊन माडी काढायलाही परवाना लागतो. बीअर पिण्याचं वय राज्यात २१ पूर्ण.

धागाकर्त्याने लिहिलेला अमेरिकेचा इतिहास मात्र विचार करण्याजोगा आहे. तिथेही पंचेचाळीस वर्षं कायद्याने बंद होतं आणि कायदा बदलला तो सनदशीर मार्गानेच. आपल्याकडे ब्रूपबना (जिथे तिथेच केलेली बीअर मिळते त्या जागांना) परवाने मिळू लागले तेव्हाही आधी धोरण आलं, मग माणसं उभी राहिली.

---

कातळावरचा:

धन्यवाद, हे लिहायलाच हवं होतं. मी इथे बीअर करत नाही. केली ती भावाच्या गॅरेजमध्ये, तिथल्या कायद्यात बसेल तेवढी. इथे माझं काम नाकाचं आणि शब्दांचं.

---

अबोलीचा_वळेसर:

मी वेगळं लिहिणार आहे, राग मानू नका.

माझ्या माहेरी दारूने दोन माणसं नेली. त्यातला एक माझा मोठा भाऊ. त्यामुळे 'बीअरचं संमेलन' हा शब्द वाचून मी धागा बंद केला होता. नंतर कोणीतरी माडीच्या आजोबांबद्दल लिहिलंय म्हणून परत उघडला. तुम्ही म्हणता तिथे कोणी झिंगून पडलेलं दिसलं नाही. तसं असेलही. पण आपल्या वाड्यांमध्ये काय होतं ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि त्याचा भार कोण उचलतं तेही. "संस्कृती" म्हणून त्यावर पांघरूण घालू नका, एवढंच माझं मागणं.

आता वासांबद्दल. ते माझं क्षेत्र आहे. तीस वर्षं सकाळी आंबोळ्या घालते. पीठ नीट आंबलं की वास *आंबूस*, थोडा गोडसर. जास्त झालं की *आंबट-उग्र*, नाकाला बोचतो. भांडं नीट घासलेलं नसलं तर *कुबट*. खोबरं जुनं असलं की *खवट*, ते आंबण्याने होत नाही, तेल बिघडल्याने होतं, लोक दोन्हीला एकच शब्द वापरतात ते चूक आहे. पावसात न वाळलेल्या कपड्यांना आणि कोंडून ठेवलेल्या तांदळाला *उबट*. माशाचा *हिंवस*. तुमचा ओला पुठ्ठा म्हणजे उबट. कुबट नव्हे. कुबटात बुरशी असते, उबटात फक्त कोंडलेपण.

---

कातळावरचा:

ताई, राग कसला. तुम्ही लिहिलंत म्हणून मी दोन दिवस थांबून उत्तर देतोय.

पांघरूण घालायचं नाही, हे मान्य. माझ्या फॅक्टरीतही पगाराच्या दुसऱ्या दिवशी कोण येणार नाही हे मला आधीच ठाऊक असतं, आणि त्यांच्या बायका कामावर आलेल्या असतात. त्यांच्याकडे बघून मी हे हलक्यात घेऊ शकत नाही. तरी मला एक खरंच वाटतं: जो माणूस पेल्यात काय आहे ते ओळखायला बसतो तो दोन घोटांवर थांबतो, कारण तिसऱ्यानंतर नाक काम करत नाही. सगळ्यांना हे लागू पडेल असा माझा दावा नाही. तुमच्या भावाच्या बाबतीत हे बोलायचा मला अधिकारही नाही.

उबट आणि कुबट यांतला फरक वाचून मी वही काढून त्या पेल्यासमोर 'उबट' लिहिलं. सहा वर्षं तिथे इंग्रजी शब्द होता.

---

बोटीवरून:

मी मर्चंट नेव्हीत इंजिनीअर, घर गुहागरला. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर बोट लागायची तेव्हा ऐकलेली आणि नंतर वाचलेली एक गोष्ट इथे जोडतो, आपल्या हवेशी तिचा संबंध आहे.

बहुतेक एल (जरा उबेत आंबवलेली बीअर) यीस्टला १८ ते २२ अंश लागतात, लागरला तर त्याहून थंड. आपल्याकडे मे महिन्यात खोलीतच ३३-३४ असतं. एवढ्या उष्णतेत ते यीस्ट उग्र, डोकं चढवणारी जड अल्कोहोलं तयार करतं. पण व्हॉस आणि आसपासच्या भागात शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं यीस्ट आहे, त्याला 'क्वाइक' म्हणतात. ते ३५ ते ४० अंशांना चालतं आणि तरीही वास स्वच्छ, संत्र्यासारखा येतो. लोक ते लाकडाच्या कड्यांवर किंवा कापडावर वाळवून पुढच्या वेळेपर्यंत ठेवायचे. आपलं बिघडलं तर शेजाऱ्याकडून आणायचं. लार्स मारियस गार्शोल या नॉर्वेजियन माणसाने गावोगाव फिरून म्हाताऱ्या लोकांकडून हे लिहून घेतलं, म्हणून जगाला कळलं. नाहीतर ते तिथेच संपलं असतं.

---

अबोलीचा_वळेसर:

शेजाऱ्याकडून आणायचं म्हणजे विरजणच की. आमच्याकडे विरजण मोडलं की समोरच्या घरी वाटी जाते. माझ्या सासूबाईंचं विरजण त्यांच्या माहेरचं होतं, ते आता माझ्या जावेकडे सावंतवाडीला आहे. माझं दोनदा मोडलं, दोन्ही वेळा तिच्याकडून आणलं.

---

सातूचे_पीठ:

पुण्यातल्या एका ब्रुअरीत काम करतो, मूळ गाव लांजा. पुण्यात २००९ साली दूलाली नावाची ब्रुअरी सुरू झाली तेव्हा मी शाळेत होतो, आणि आता याच क्षेत्रात आहे.

पाण्याबद्दल लिहायचं होतं. आमच्या गावी जांभ्यातल्या विहिरीचं पाणी इतकं मऊ की साबणाचा फेस जाता जात नाही. पुण्यात आल्यावर बोअरच्या पाण्यात फेसच होईना. बीअरच्या दृष्टीने हा फार मोठा फरक आहे. चेक प्रजासत्ताकातल्या पिल्झन गावचं पाणी असंच मऊ, म्हणून तिथली फिकट, नाजूक लागर जगभर गेली. इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या पाण्यात जिप्सम हा क्षार भरपूर, त्यामुळे तिथे हॉप्सचा कडवटपणा टोकदार लागतो. मऊ पाण्यात क्षार हवे तेवढे घालता येतात, काढणं मात्र अवघड. म्हणून लांज्याच्या विहिरीवर उभं राहिलं की मला दरवेळी वाटतं, हे पाणी किती मोलाचं आहे. (किनाऱ्याला अगदी लागून असलेल्या विहिरी वेगळ्या, तिथे मचूळपणा येतो.)

दुसरं, नाचणी. मोड आणून, वाळवून, भाजून दळलेली नाचणी आपण लहान मुलांना देतो. मोड आणणं, वाळवणं आणि भाजणं, हेच माल्टिंग. मोड येताना धान्यात स्टार्चची साखर करणारी विकरं तयार होतात. सिक्कीममध्ये नाचणीचा तोंगबा पितात, आफ्रिकेतही नाचणीची बीअर आहे. आमच्याकडे परवानगीच्या चौकटीत आम्ही बार्लीबरोबर थोडी नाचणी घालून पाहिली. अडचण अशी की नाचणीचा स्टार्च फुलायला बार्लीपेक्षा जास्त उष्णता लागते. आपण बार्लीचं माल्ट ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतो, तेवढ्यात नाचणीची साखर पुरती होत नाही. ती आधी वेगळी शिजवून घ्यावी लागते, आंबील करताना घेतो तशी. माझ्या आईने फोनवर हे दोन वाक्यांत सांगितलं. मी तीन खेपा वाया घालवल्यावर विचारलं होतं.

---

मिठागर:

वासाची यादी करायची तर एकत्र बसायला हवं, लिहून किती होणार? पाऊस संपल्यावर वेंगुर्ल्याला जमूया का? मी उरणहून येईन.

---

कातळावरचा:

या, जरूर या. आमच्या खळ्यात वीस माणसं आरामात बसतात. नोव्हेंबरात भातं आत गेली की जागा मोकळी.

मी डोक्यात असं धरलंय. सकाळी ताक, आंबोळीचं पीठ एक दिवसाचं आणि दोन दिवसांचं, माडीचं व्हिनेगर, आगळ ताजं आणि जुनं. प्रत्येकाने न बोलता कागदावर लिहायचं, मग वाचून दाखवायचं, त्या परीक्षकांसारखं. ताई, तुम्ही आलात तर हा भाग तुम्ही चालवा, माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं. दुपारी जेवण, तिसऱ्यांचं सुकं नक्की. प्रॉव्हिडन्सला क्वाहॉग म्हणून मोठ्या शिंपल्या मिळतात, त्यांचं दुधातलं सूप मी प्यालो आणि मला तिथे पहिल्यांदा घरची आठवण आली. त्यांच्या खाडीलाही आपल्या खाडीचाच वास होता.

बीअर सगळ्यात शेवटी, दुकानातून बिलाने आणलेली, परवाना असलेल्या मोठ्या माणसांपुरती, दोन घोट. एकच प्रयोग करायचा आहे. हिरव्या काचेच्या दोन बाटल्या. एक रात्रीपासून अंधारात, थंड, दुसरी कातळावर तासभर उन्हात ठेवून मग थंड केलेली. हॉप्समधली कडू द्रव्यं उजेडाने तुटतात आणि तो गॅसचा वास तयार होतो. तपकिरी काच बराच उजेड अडवते, हिरवी अडवत नाही. हे एकदा नाकाने पाहिलं की दुकानाच्या दारात उन्हात मांडलेली बाटली कोणी घेणार नाही.

ज्यांना गाडी चालवायची आहे त्यांनी फक्त हुंगायचं. राहायची सोय आहे, दोन खोल्या.

---

अबोलीचा_वळेसर:

सकाळी येईन. दुपारचं जेवण झालं की निघेन. पीठ दोन नव्हे, तीन आणते. एकात मुद्दाम न घासलेल्या भांड्यातलं, म्हणजे कुबट काय ते सगळ्यांना एकदाचं कळेल.

---

सातूचे_पीठ:

मी येतोय. त्या सहा पेल्यांपैकी दुसऱ्याला, हिरव्या सफरचंदाच्या वासाला, अजून कोणी मराठी शब्द दिलेला नाही. आमच्या कामात तो रोज लागतो. यीस्टचं काम अर्धवट असताना अ‍ॅसिटाल्डिहाइड जास्त असतं, अजून थोडे दिवस ठेवलं की यीस्टच ते परत खाऊन टाकतं. आपल्याकडे सफरचंद कोणी झाडावर पाहिलंय?

---

माडाखाली:

आजयेक इचारलंय. नव्वदीची आसा, कान कमी, पण नाक चांगला. आधी हासली. मगे मी इचारलंय, आजये, माडी धड गोड रव्हली नाय आणि धड आंबट झाली नाय, तेव्हा तिचो वास कसो येय? तर म्हणाली, भोपळो चिरलो काय येता तसो. त्या वक्ताक आजो कोणाक देय नाय, गिरायकाक सांगी, रे, जरा थांब, ती अजून हिरवी आसा.

नोव्हेंबरात मी येतंय. आज्याचां एक गाडगां माळ्यार आसा, ता घेवन येतंय.

---

सातूचे_पीठ:

हिरवी! आम्हीही तयार न झालेल्या बीअरला 'ग्रीन बीअर'च म्हणतो. आजींना माझा नमस्कार सांगा. आणि भोपळ्याचं त्यांनी अचूक सांगितलं, शिकवताना आम्हाला सफरचंदानंतर चिरलेला भोपळाच हुंगायला दिला होता.

---

कातळावरचा:

वहीत लिहिलं. दुसरा पेला: हिरवट, चिरलेला भोपळा. शेजारी आजींचं गाव लिहिलंय, नाव लिहायचं असेल तर त्यांना विचारून मला वैयक्तिक निरोपात कळवा. गाडगं आणताना बसमध्ये जपून आणा, इथे ते खळ्याच्या मधोमध ठेवू.